दुकानांतील उचलेगिरी आणि नोकराचें कर्तव्य

शिरूरच्या बाजारपेठेंत किंवा दौंडला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिवेलागणीच्या वेळीं, एखाद्या मोठ्या किराणा दुकानांत काय घडूं शकतें याचें एक चित्र श्रोत्यांनीं प्रथम डोळ्यांपुढें आणावें. महिन्याचा पहिला आठवडा आहे; पगार नुकतेच झाले आहेत; दुकानांत गर्दी आहे. फळ्यांच्या मधल्या बोळांतून गिऱ्हाइकें हातांत टोपल्या घेऊन हिंडत आहेत. मालक गल्ल्यावर बिलें करण्यांत गुंतला आहे. तेल-तुपाच्या फळ्यांपाशीं वीस-बावीस वर्षांची एक मुलगी कामाला आहे. माल नीट लावणें व मागेल त्याला मागेल तें दाखविणें, हें तिचें काम. तिच्या देखत एक मध्यम वयाची बाई तुपाची बरणी उचलते, इकडेतिकडे पाहते, आणि ती टोपलींत न ठेवतां आपल्या कापडी पिशवींत, कोथिंबिरीच्या जुडीखालीं सारते. मुलीच्या छातींत धडधड होऊं लागते. आतां तिनें काय करावें? ओरडावें? त्या बाईचा हात धरावा? धांवत जाऊन मालकाला सांगावें? कीं कांहींच पाहिलें नाहीं असें दाखवून बरण्या पुसत राहावें?

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. एका बरणीची किंमत ती काय! परंतु त्या मुलीच्या दृष्टीनें पाहिल्यास तो मुळींच क्षुल्लक नाहीं. पुढच्या दहा-पंधरा क्षणांत ती जें करील त्यावर एका स्त्रीची अब्रू, तिची स्वतःची सुरक्षितता, मालकाचें नुकसान आणि कदाचित् तिची नोकरीहि अवलंबून आहे. आणि हा निर्णय करण्यासाठीं तिला ना कोणी शिक्षण दिलेलें असतें, ना कोणी अधिकार. म्हणून दुकानांत काम करणाऱ्या माणसानें उचलेगिरी करणाऱ्यास अडवावें किंवा नाहीं, हा प्रश्न दुकानाच्या गडबडीपासून दूर, शांतपणें विचारांत घेण्याजोगा आहे.

आजच्या स्वरूपांत हा प्रश्न पूर्वीं नव्हता, याचें कारण दुकानाची रचनाच निराळी होती. जुन्या पेठेंतील वाण्याचें दुकान म्हणजे एक उंच ओटा. माल आंत, वाणी मध्यें आणि गिऱ्हाईक बाहेर. डाळ असो वा गूळ असो, जिन्नस वाण्याच्या हातून तराजूंत पडे, तराजूंतून कागदाच्या पुडींत जाई आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हातीं येई. शिवाय गिऱ्हाईक कोण, कोणत्या वाडींतलें, त्याच्या नांवावर वहींत किती बाकी आहे, हें वाण्याला पाठ असे. तेथें फसवणूक होत नसे असें नाहीं. पण ती तराजूच्या दांडींत आणि वहीच्या आंकड्यांत होई, व बहुधा ती गिऱ्हाइकाचीच होई. शिरूर तालुक्यांतील कर्डें या गांवीं १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला आणि १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत दंग्यास तोंड फुटलें, तें या वहीमुळेंच. फळीवरची वस्तु गुपचूप पिशवींत टाकणें ही चोरी मात्र त्या ओट्यामुळें जवळजवळ अशक्य होती.

हा ओटा काढून टाकण्याची कल्पना अमेरिकेंतील. मेंफिस शहरांत क्लॅरेन्स सॉन्डर्स नांवाच्या व्यापाऱ्यानें १९१६ च्या सप्टेंबर महिन्यांत ‘पिगली विगली’ या नांवाचें एक दुकान उघडलें. गिऱ्हाइकानें आंत यावें, माल स्वतः उचलून टोपलींत घालावा आणि बाहेर पडतांना पैसे द्यावे, अशी तेथील रीत होती. नोकर कमी लागले, वेळ वांचला, विक्री वाढली आणि ही पद्धति जगभर पसरली. वस्तु हातांत घेऊन पाहिली कीं ती घ्यावीशी वाटते, हें तिच्यामागील मर्म. परंतु जी वस्तु घ्यावीशी वाटते तीच उचलावीशीहि वाटते. मोकळी फळी ही जितकी विक्रीची युक्ति तितकेंच तें मोहाचें आमंत्रण. ओटा काढल्यानें मालकाचा खर्च कमी झाला व नफा वाढला. त्याबरोबर थोडी चोरी होणार हें त्या व्यवहारांतच धरलेलें आहे. पुढील सर्व विचारांत ही गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी.

शिरूर आणि दौंड या दोन गांवांत हा बदल विशेष जाणवतो. शिरूर घोड नदीच्या कांठीं, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. जुनीं माणसें त्यास अजून घोडनदी म्हणतात. दौंड भीमेच्या कांठीं. १८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग येथें मुंबई-सोलापूर मार्गास येऊन मिळाला, तेव्हांपासून हें नांव गाडी बदलणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या तोंडीं बसलें. दोन्ही गांवें पूर्वींपासून वाटसरूंचीं. पण बाजार ओळखीचा होता. पुढें रांजणगांवास आणि कुरकुंभास औद्योगिक वसाहती झाल्या. कामासाठीं परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून हजारों माणसें आलीं. भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर मोकळ्या फळ्यांचीं दुकानेंहि वाढलीं. आज शिरूरच्या दुकानदारास आपल्या दारांत येणाऱ्या निम्म्या माणसांचीं नांवें ठाऊक नसतात. नांवाची ओळख गेली आणि तिच्या जागीं कॅमेरा आला. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यामागील माणूस दिसत नाहीं.

नोकरानें चोरास अडवावें असें म्हणणाऱ्यांची बाजू प्रथम प्रामाणिकपणें मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाहीं. किराणा व्यापारांत नफा फार थोडा असतो. शेंकडा पांच नफा धरला, तर शंभर रुपयांची एक बरणी गेली म्हणजे तो तोटा भरून काढण्यास जवळजवळ दोन हजारांची विक्री व्हावी लागते. लहान दुकानदाराला हें परवडत नाहीं. तो भाव वाढवितो, आणि चोराचें बिल अखेर प्रामाणिक गिऱ्हाईक भरतें. दुसरें असें कीं, पाहूनहि न पाहिल्यासारखें करणें हा एक प्रकारचा अधर्म आहे. आज जिला कोणी हटकलें नाहीं ती उद्यां पुन्हां येईल, आणि परवां दुसरीला घेऊन येईल. तिसरें असें कीं, इमानी नोकराला मालकाचा माल आपल्या डोळ्यांदेखत जातांना पाहणें खरोखरच सहन होत नाहीं. ज्याचें मीठ खावें त्याच्या घराला राखावें, हा संस्कार येथील मातींत मुरलेला आहे व तो हांसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

परंतु या इमानाच्या आड कित्येक ठिकाणीं दुसरेंच एक कारण दडलेलें असतें. महिन्याच्या अखेरीस मालाची मोजणी होते, कमी भरलेल्या मालाची किंमत काढली जाते आणि ती नोकरांच्या पगारांतून वांटून कापली जाते. ज्या मुलीच्या पगारांतून तुपाच्या बरणीचे पैसे जाणार आहेत, ती त्या बाईचा हात धरावयास धांवेल यांत नवल तें काय? तें धैर्य नव्हे, ती निरुपायानें केलेली धडपड आहे; आणि तिच्याकडून ती करवून घेणारा मालक मात्र गल्ल्यावर सुरक्षित बसलेला असतो. कायदा या रूढीस मोकळें रान देत नाहीं. १९३६ च्या वेतन-कायद्यांत असें तत्त्व घातलें गेलें कीं, जो माल नोकराच्या ताब्यांत स्पष्टपणें सोंपविलेला होता आणि ज्याचें नुकसान थेट त्याच्याच हयगयीनें झालें, त्याच मालाबद्दल पगारांतून कपात करतां येईल. तीहि त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावर. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्यें अंमलांत आली. तिनेंहि हेंच तत्त्व कायम ठेविलें आहे. शेंकडों गिऱ्हाइकांसाठीं उघड्या असलेल्या फळीवरून अनोळखी माणसानें वस्तु नेली, तर ती हयगय त्या फळीपाशीं उभ्या असलेल्या मुलीची कशी ठरते, हें मालकानें स्वतःच्या मनास विचारावें.

आतां प्रत्यक्ष चोरीसंबंधीं कायदा काय म्हणतो तें पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, तो नोकरास कांहीं अधिकार देतो, परंतु त्या अधिकाराच्या भोंवतीं कुंपणहि घालतो. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याहि मालमत्तेचें चोरीपासून रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मात्र जरुरीपेक्षां अधिक इजा करण्याचा हक्क कोणासहि नाहीं. सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणें साध्या नागरिकासहि गुन्हेगारास पकडतां येतें. परंतु गुन्हा त्याच्या समक्ष घडलेला असला पाहिजे, तो दखलपात्र व अजामीनपात्र असला पाहिजे, आणि पकडलेल्या माणसास विनाविलंब, सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. झडती घेण्याचें काम पोलिसांचें. स्त्रीची झडती तर स्त्रीनेंच आणि पूर्ण मर्यादा राखून घ्यावयाची. मागच्या खोलींत बसवून ठेवणें, पिशवी हिसकावून उपडी करणें, पदराला हात घालणें, चार लोकांत माफी लिहून घेणें, या गोष्टी कोणत्याहि अधिकारांत बसत नाहींत. त्या करणारा नोकर स्वतःच आरोपी होऊं शकतो.

आणि नोकरानें त्या क्षणीं काय काय ठरवावें? पांच हजारांहून कमी किंमतीची साधी चोरी बहुतांशीं अदखलपात्र व जामीनपात्र धरली आहे. उलट, मालाच्या सांठ्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या इमारतींतील चोरीस निराळें कलम आहे व त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊं शकते. एखादा प्रसंग कोणत्या कलमांत बसतो यावर वकीलहि वाद घालतील. मग गर्दीच्या वेळीं फळीपाशीं उभ्या असलेल्या मुलीनें तें कसें ओळखावें? शिवाय ज्या दुकानांत गिऱ्हाइकानें स्वतःच माल उचलावयाचा असतो, तेथें वस्तु पिशवींत गेली एवढ्यावरून हेतु सिद्ध करणें कठीण. ती बाई गल्ल्यावर जाऊन पिशवी रिकामी करणार नाहीं कशावरून? याहून विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे, झटापट झाली कीं गुन्ह्याचें रूपच पालटतें. हात सोडवून घेतांना चोरानें इजा केली, तर साध्या चोरीची जबरी चोरी होते व शिक्षेची मर्यादा दहा वर्षांवर जाते. बरणी तीच, परंतु एका हिसक्यानें दोन माणसांचीं आयुष्यें निराळ्या वाटेला लागतात.

हा हिसका कोठवर नेतो याचीं उदाहरणें जगाच्या पाठीवर पुष्कळ आहेत. लॉस एंजेलिस शहरांत मार्च १९९१ मध्यें लताशा हार्लिन्स नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनें एका दुकानांत संत्र्याच्या रसाची बाटली पाठीवरच्या पिशवींत ठेवली. दुकानदारिणीस ती चोरी वाटली. तिनें मुलीला पकडलें, झटापट झाली, मुलीनेंहि प्रहार केले. आणि शेवटीं बाटली टाकून मुलगी पाठ फिरवून निघाली असतां दुकानदारिणीनें तिच्यावर गोळी झाडली. बाटलीची किंमत एक डॉलर एकोणऐंशी सेंट होती आणि मेलेल्या मुलीच्या हातांत दोन डॉलर होते. दुकानदारिणीस तुरुंगवास झाला नाहीं. पुढच्या वर्षीं त्या शहरांत जो भयंकर दंगा उसळला त्याच्या कारणांत ही घटनाहि गणली जाते. उलट बाजूहि तितकीच दारुण आहे. कॅलिफोर्नियांतील प्लेझंटन येथें एप्रिल २०२३ मध्यें एका मोठ्या दुकानांत चोरी रोखावयास गेलेला एक तरुण नोकर गोळी लागून मरण पावला. एका ठिकाणीं संशयित मेली, दुसऱ्या ठिकाणीं नोकर मेला. दोन्ही ठिकाणीं पणास लागलेली वस्तु मात्र किरकोळ होती.

हीं परदेशचीं बंदुकीचीं उदाहरणें, येथें तसें घडत नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु येथें बंदुकीचें काम गर्दी करते. केरळांतील अट्टपाडी येथें फेब्रुवारी २०१८ मध्यें मधू नांवाच्या आदिवासी तरुणास, त्यानें दुकानांतून तांदूळ व खाण्याचे जिन्नस चोरल्याच्या आरोपावरून, लोकांनीं पकडलें, बांधलें, मारलें आणि त्याचीं छायाचित्रें काढलीं. त्याच दिवशीं तो मेला. एप्रिल २०२३ मध्यें न्यायालयानें चौदा जणांना दोषी ठरविलें. महाराष्ट्रांत धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, बाजारच्या दिवशीं, मुलें पळविणारे असल्याच्या खोट्या संशयावरून भिक्षेकरी भटक्या जमातींतील पांच माणसांना जमावानें ठार केलें. तेथें आरोप चोरीचा नव्हता. पण जमाव एकदां जमला म्हणजे आरोप कोणता होता हें विचारावयास कोणी थांबत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. ‘चोर, चोर’ अशी एक आरोळी नोकराच्या तोंडून निघाली, कीं पुढचें कांहींच त्याच्या हातीं उरत नाहीं.

शिरूर-दौंडच्या भागांत ही आरोळी कोणावर प्रथम पडते, याचाहि विचार केला पाहिजे. या दोन्ही तालुक्यांत पारधी समाजाचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें तो मुंबई इलाख्यांतहि आणला. त्यामुळें कित्येक जमातींचें मूल जन्मतःच गुन्हेगार ठरूं लागलें. दौंडहून जो लोहमार्ग सोलापूरला जातो, त्या सोलापुरास अशा जमातींना कांटेरी तारांच्या आंत ठेवण्याची मोठी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. कायदा गेला, नजर गेली नाहीं. मराठी भाषेंत दुकानांतून वस्तु लांबविणाऱ्यास ‘उचल्या’ म्हणतात, आणि तोच शब्द एका समाजाच्या कपाळीं जातीचें नांव म्हणून मारलेला आहे. लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ सालीं आपल्या आत्मकथेस तेंच नांव दिलें व त्या पुस्तकास १९८८ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जेथें गुन्ह्याचा शब्द आणि जातीचा शब्द एकच होऊन बसला आहे, तेथें ‘मला संशय आला’ या वाक्यावर फार भरंवसा ठेवूं नये. दुकानाच्या दारांतून चांगल्या साडींतील बाई आणि मळक्या लुगड्यांतील बाई अशा दोघी आंत आल्या, तर नोकराचे डोळे कोणाच्या मागें फिरतात, हें प्रत्येक मालकानें एकदां प्रामाणिकपणें पाहावें. तुपाची बरणी मात्र दोघींपैकीं कोणाच्याहि पिशवींत जाऊं शकते.

मग नोकरानें डोळे मिटून घ्यावे काय? तसें मुळींच नाहीं. अडविणें आणि बोलणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सारा प्रश्न या भेदावर उभा आहे. हात धरणें हें नोकराचें काम नव्हे. बोलणें हें मात्र त्याचें कामच आहे. वर वर्णिलेल्या मुलीनें त्या बाईजवळ जावें आणि नेहमींच्या आवाजांत म्हणावें, “मावशी, पिशवी जड झाली का? तुपाची बरणी गल्ल्यावर ठेवूं का, बिलांत धरायला?” या वाक्यांत आरोप नाहीं, पण जें सांगावयाचें तें सर्व आहे. आपण पाहिल्या गेलों, हें त्या बाईला कळलें. परत फिरण्याची वाट तिच्यासाठीं उघडी राहिली. ती विसरली असेल, तर ‘अग बाई, खरंच कीं!’ म्हणून बरणी काढील. चोरण्याच्या बेतानें आली असेल, तरीहि बहुधा हेंच म्हणेल, आणि तें खोटें आहे हें दोघींनाहि ठाऊक असूनहि कोणाची अब्रू जाणार नाहीं. मुलीचा संशय चुकीचा असेल, तर त्या प्रश्नानें कोणाचा अपमान झालेला नसेल. आणि त्या बाईनें उलट रागानें ‘तुला काय करायचंय?’ म्हटलें, तर मुलीनें ‘बरं मावशी’ म्हणून बाजूला व्हावें, मालकाला सांगावें आणि काय पाहिलें तें वेळेसह लिहून ठेवावें. वाट अडवूं नये, रस्त्यावर पाठलाग करूं नये. पुढचें काम कॅमेऱ्याचें, मालकाचें आणि पोलिसांचें.

हें भित्रेपणाचें धोरण आहे अशी शंका ज्यांना येईल, त्यांनीं शिरूर तालुक्यांतीलच एक घटना आठवावी. पिंपरखेड येथील बँक ऑफ महाराष्ट्राच्या शाखेवर ऑक्टोबर २०२१ मध्यें भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला. शस्त्राच्या धाकापुढें रोकड व सोनें गेलें. परंतु कांहीं दिवसांतच पुणें ग्रामीण पोलिसांनीं संशयितांना पकडलें व बराचसा ऐवज हस्तगत केला. गेलेलें सोनें परत येऊं शकतें. शस्त्र समोर असतांना जो हात वर करतो तो आपल्या कर्तव्यास चुकत नाहीं. त्याची साक्ष हीच पुढें उपयोगी पडते. टोळीनें येणारे सराईत चोर, नशेंत असलेला माणूस, हातांत सुरी असलेला माणूस, यांच्यापुढें तर ‘मावशी’चा गोड प्रश्नहि विचारूं नये. तेथें एकच गोष्ट करावी: अंतर ठेवावें आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावें.

लहान मुलाच्या बाबतींत याहून अधिक सांभाळावयास हवें. शाळेच्या वाटेवरच्या दुकानांतून चॉकलेट उचलणारें मूल हें चोर नव्हे, मोहांत पडलेलें मूल आहे. त्याला दुकानांत उभें करून चार लोकांपुढें ‘चोर’ म्हटलेलें तें जन्मभर विसरत नाहीं. त्याच्या वडीलधाऱ्या माणसास बोलावून एकांतांत सांगावें. तसाच विचार वृद्धांचाहि. स्मृति क्षीण झालेला एखादा म्हातारा वस्तु खिशांत घालून पैसे द्यावयाचें खरोखरच विसरतो. त्याला हिसका देणाऱ्या नोकराला घरीं गेल्यावर झोंप लागणार नाहीं.

नोकरानें एवढें करावें. पण मालकाचें कर्तव्य याहून मोठें आहे. ओटा काढल्याचा नफा ज्यानें घेतला, त्यानेंच ओटा काढल्याचा तोटाहि सोसला पाहिजे. आंकारानें लहान व किंमतीनें मोठ्या अशा वस्तु, म्हणजे तूप, सुका मेवा, दाढीचीं पातीं, सुगंधी द्रव्यें, त्यानें गल्ल्याजवळ ठेवाव्या; एवढ्यापुरता जुना ओटा परत आणण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. दारांतून येणाऱ्या प्रत्येकास ‘या, काय हवं?’ असें कोणी तरी विचारावें. जुन्या वाण्याच्या ओळखीची जागा कॅमेरा भरून काढूं शकत नाहीं, पण हा प्रश्न थोडीफार भरून काढतो. कारण ज्याला कोणी ओळख दिली, त्याला त्याच माणसाच्या देखत चोरी करणें जड जातें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नोकराला पहिल्याच दिवशीं स्पष्ट शब्दांत सांगावें: हात लावावयाचा नाहीं, पाठलाग करावयाचा नाहीं, माल गेला तर पगार कापला जाणार नाहीं. हे तीन नियम मागच्या खोलींत लिहून लावले, तर पुष्कळशा मारामाऱ्या होण्यापूर्वींच टळतील.

गिऱ्हाईक म्हणून दुकानांत जाणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांकडेहि थोडा वांटा येतो. असा कांहीं प्रसंग समोर घडलाच, तर गोळा होऊं नये, मोबाईल उंचावून चित्र घेऊं नये, ‘अशांना फटकेच हवेत’ असें मोठ्यानें म्हणूं नये. तें म्हणणाऱ्याला घरीं जावयाचें असतें. ऐकणाऱ्या जमावाला मात्र कारण सांपडतें. भारतीय न्याय संहितेनें आतां अशीहि तरतूद केली आहे कीं, पांच हजारांहून कमी किंमतीची साधी चोरी करणारा प्रथमच दोषी ठरला आणि त्यानें वस्तु किंवा तिची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा व्हावी. साक्षीपुरावा ऐकून, सर्व बाजू तोलून, न्यायासनानें जी शिक्षा द्यावयाची ती जर एवढी सौम्य, तर कांहींच न ऐकतां, कांहींच न तोलतां, दुकानाच्या दारांत दिली जाणारी शिक्षा तिच्याहून कठोर कां असावी?

ती बाई अखेर गल्ल्यापाशीं येते. मुलीनें आपला प्रश्न विचारलेला आहे. कोथिंबिरीखालून बरणी निघते, बिलांत धरली जाते किंवा ‘आज नको’ म्हणून बाजूला ठेवली जाते. मुलगी ती उचलून पुन्हां फळीवर ठेवते. बाई घरीं जाते. मुलगीहि दुकान बंद झाल्यावर आपल्या घरीं जाते. दोघी सुखरूप घरीं पोंचल्या, यांतच मालकाचें खरें हित आहे. आणि एखादे दिवशीं बरणी गेलीच, तर ती त्याच्या वहींत तोट्याच्या बाजूस एका ओळींत लिहितां येते. हातापायीनें जें जातें तें लिहावयास कोणत्याहि वहींत जागा नसते.